चौथ्याला हीलर करायचाच का? कोऑप डंजन क्रॉलमध्ये हिरो निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांचा ग्रुप, डिसेंट या बोर्डगेमची दुसरी आवृत्ती रोड टू लेजंड अॅपवर कोऑप, म्हणजे सगळे एका बाजूने, खेळायला सुरुवात करतायत. एकाने ग्रिस्बन घेतलाय बर्सर्कर म्हणून, दुसरीला सिंड्रेल नाइट हवीय (हे दोन्ही हिरो वॉरियर), तिसऱ्याला जेन फेअरवुड ही स्काउट, वाइल्डलँडर म्हणून, आणि चौथ्याच्या मागे सगळे लागलेत की तू हीलर, म्हणजे इतरांना बरं करणारा हिरो, घे कारण टीम बॅलन्स्ड पाहिजे. चौथ्याला हीलर अजिबात खेळायचा नाहीये. तर दोन वॉरियर चालतील का, हीलरशिवाय कॅम्पेन (अनेक डावांची सलग मोहीम) निघेल का, आणि यानंतर ग्लूमहेवन हा दुसरा बोर्डगेम घ्यायचा विचार आहे तर तिथेही हाच हिशेब लागतो का.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. दोन वॉरियर चालतात, हीलरशिवाय कॅम्पेन निघतं, आणि ग्लूमहेवनमध्ये हिशेब पूर्ण वेगळा आहे. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

टँक, हीलर आणि डॅमेजवाला हे जे त्रिकूट डोक्यात बसलंय ना ते ऑनलाइन व्हिडिओ गेम्समधून आलंय. तिथे टँक शत्रूला चिडवतो आणि शत्रू त्याच्याच अंगावर जातो, हीलर मागे उभा राहून त्याचा हेल्थचा पट्टा भरत राहतो. बोर्डवर असं काही आपोआप होत नाही. डिसेंटच्या अॅपमध्ये मॉन्स्टर कुणावर जाणार हे अॅप सांगतं, कधी सगळ्यात जवळचा, कधी अजून काही निकष, आणि तुमचा ग्रिस्बन कितीही दांडगा असला तरी गॉब्लिन आर्चर त्याच्या बाजूने मागच्या माणसाला बाण मारणारच. टँकिंग करायचं तर जागा अडवून करावं लागतं, कारण हिरो ज्या घरात (बोर्डवरच्या चौकोनात) उभा आहे त्यातून मॉन्स्टर आरपार जाऊ शकत नाही. एकाच घराएवढ्या अरुंद दारात कुणीतरी उभं राहिलं की झालं टँकिंग, मग तो माणूस वॉरियर असो नाहीतर नेक्रोमॅन्सरने उठवलेलं मढं असो, आणि खरं सांगायचं तर मढं जास्त बरं कारण ते मेलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

म्हणून मी नव्या ग्रुपला सांगतो की रोल मोजू नका, कामं मोजा. कुठल्याही क्वेस्टमध्ये (कॅम्पेनमधल्या एका डावात) टीमला साधारण हीच कामं पडतात: एक दांडगा मॉन्स्टर लवकर पाडणं, बारीक मॉन्स्टरचा घोळका एका झटक्यात कमी करणं, लांब असलेल्या वस्तूपर्यंत किंवा दारापर्यंत धावत पोचणं, लांबून मारता येणं, अॅट्रिब्यूट टेस्ट पास करणं, आणि पार्टीला बसणारा मार कमी करणं. हीलिंग हे वेगळं काम नाही, शेवटच्या कामाचा फक्त एक प्रकार आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात महागडा प्रकार.

महागडा का ते बघा. डिसेंटमध्ये हिरोला टर्नमध्ये दोन अॅक्शन मिळतात आणि दोन्हीत अटॅक करता येतो. मॉन्स्टरला मात्र एका अॅक्टिव्हेशनमध्ये एकदाच अटॅक करता येतो. डिसायपल या हीलर क्लासचं सुरुवातीचं स्किल, प्रेयर ऑफ हीलिंग, एक फटीग (थकव्याचं टोकन) घेऊन एक लाल फासा टाकून तेवढे हार्ट (हेल्थचे पॉइंट) परत देतं. लाल फाशावर १ ते ३ हार्ट असतात, सरासरी दोनाच्या जरा वर. एखादा मिनियन, म्हणजे साधा मॉन्स्टर, डिफेन्स वजा जाता राउंडला साधारण तेवढंच डॅमेज करतो असं धरा. तो एक राउंड आधी मेला तर तुम्ही एक हील वाचवलं, आणि क्वेस्ट संपेपर्यंत तो जेवढे राउंड जगला असता तेवढी हीलं वाचवली. त्यात रोड टू लेजंड वेळ खाणाऱ्या पार्टीला आवडून घेत नाही, जसजसे राउंड जातात तसतसं अॅप त्रास वाढवत नेतं, त्यामुळे मागे बसून एकमेकांना बरं करत खेळणारी टीम सुरक्षित वाटते पण हळूहळू बुडते. जो ग्रुप हीलर घेऊनही हरतो तो बहुतेक वेळा असाच हरतो.

याचा अर्थ हीलर वाईट असा नाही हं. एव्ह्रिक अल्ब्राइटचं उदाहरण घ्या. त्याची क्षमता अशी की त्याच्यापासून तीन घरांच्या आतले हिरो अटॅक करताना एक सर्ज (फाशावर पडणारं विजेचं चिन्ह) खर्च करून एक हार्ट परत मिळवू शकतात. म्हणजे हील करायला कुणाची वेगळी अॅक्शनच जात नाही, मारता मारता बरे होतात. तुमच्याकडे दोन वॉरियर आहेत, दोघंही टर्नला दोनदा मारणार, म्हणजे सर्ज पुष्कळ पडणार, तिथे एव्ह्रिक सोन्यासारखा आहे. पण बघा, इथे एव्ह्रिक चांगला वाटतोय तो हीलर आहे म्हणून नाही, तुमच्या टीममध्ये खूप अटॅक होतात म्हणून.

आणि आता उलटं उदाहरण. लिओरिक हा मेज, म्हणजे जादूगार, आहे, कार्डावर कुठेही हीलिंगचा शब्द नाही. त्याची क्षमता काय, तर त्याच्यापासून तीन घरांच्या आतल्या प्रत्येक मॉन्स्टरच्या अटॅकमधून एक हार्ट वजा, कमीत कमी एक राहतोच. एका राउंडमध्ये त्या टापूतून पाच अटॅक झाले तर चार-पाच हार्ट वाचले. डिसायपलच्या एका प्रार्थनेच्या दुप्पट, आणि फटीग शून्य. फक्त त्याचं हेल्थ ८ आहे आणि त्याला मॉन्स्टरच्या तीन घरांत उभं राहावं लागतं, म्हणजे दोन वॉरियरच्या पाठीमागे चिकटून. तुमच्याकडे दोन वॉरियर आहेतच की. म्हणजे ज्या गोष्टीमुळे तुम्हाला टीम बिघडलीय असं वाटतंय तीच गोष्ट लिओरिकला जगवते.

आता अॅट्रिब्यूटचं बोलू, कारण हे कुणी बघतच नाही. हिरो निवडताना सगळे हेल्थ, स्पीड आणि चित्र बघतात (चित्र बघणं चूक नाही, त्यावर पुढे येतो) पण खालचे चार आकडे, माइट, नॉलेज, विलपॉवर, अवेअरनेस, यांच्याकडे लक्ष जात नाही. टेस्ट कशी होते, तर एक ग्रे आणि एक काळा डिफेन्स फासा टाकायचा, ढालींची बेरीज अॅट्रिब्यूटएवढी किंवा कमी आली की पास. ग्रे फाशावर ०, १, १, १, २, ३ आणि काळ्यावर ०, २, २, २, ३, ४. आता ३६ शक्यता बसून मोजल्या तर असं निघतं: अॅट्रिब्यूट १ असेल तर ३६ पैकी ४ वेळा पास, २ असेल तर ८, ३ असेल तर १९, ४ असेल तर २६, आणि ५ असेल तर ३३. टक्क्यांत म्हणाल तर साधारण ११, २२, ५३, ७२ आणि ९२.

बघा उडी कुठे आहे. दोनावरून तीनावर गेलात की शक्यता दुपटीहून जास्त होते, बाकी कुठल्याच पायरीवर एवढा फरक पडत नाही. म्हणजे दोनवाला हिरो टेस्टला जवळपास निरुपयोगी आणि तीनवाला निदान नाणेफेक. ग्रिस्बनचं माइट ५ आहे, दगड ढकलणं वगैरे असेल तर डोळे झाकून त्याला पाठवा, पण अवेअरनेस १. लिओरिकचं उलटं, नॉलेज ५ आणि माइट १. तर हिरो पक्के करायच्या आधी चारही कार्डं शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येक अॅट्रिब्यूटमध्ये टीमचा सगळ्यात मोठा आकडा किती ते एका कागदावर लिहा. चारही ठिकाणी ४ च्या आसपास आलं तर उत्तम, एखाद्या ठिकाणी सगळ्यात मोठा आकडाच २ असेल तर त्या कॅम्पेनमध्ये कधी ना कधी एक क्वेस्ट तुम्हाला त्याच भिंतीवर डोकं आपटायला लावेल.

यात एक मेख आहे. क्वेस्टमधल्या टेस्टला तुम्ही कुणाला पाठवायचं ते ठरवू शकता, पण मॉन्स्टरच्या क्षमतेमुळे किंवा सापळ्यामुळे आलेली टेस्ट ज्याच्यावर आली त्यालाच द्यावी लागते. त्यामुळे एक तज्ज्ञ ठेवला म्हणजे सगळं भागलं असं नाही. ग्रिस्बनसारखा टोकाचा माणूस घेतलात तर त्याच्या कच्च्या बाजूवर मार बसणार हे धरून चाला. टोकाचे चार हिरो एकत्र आले की टीम कागदावर छान दिसते आणि प्रत्यक्षात प्रत्येक टर्नला कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असतं. माझं मत असं की चारात टोकाचे दोन, मधले दोन, हे बरं पडतं.

दुसरी गोष्ट, डिसेंटमध्ये हिरो आणि क्लास या दोन वेगळ्या निवडी आहेत आणि लोक दुसरीला फार हलक्यात घेतात. बेस बॉक्समध्ये प्रत्येक प्रकाराचे दोन हिरो आणि दोन क्लास: वॉरियरला बर्सर्कर आणि नाइट, स्काउटला थीफ आणि वाइल्डलँडर, मेजला रूनमास्टर आणि नेक्रोमॅन्सर, हीलरला डिसायपल आणि स्पिरिटस्पीकर. एक क्लास एकालाच, त्यामुळे दोन वॉरियर असतील तर एक बर्सर्कर आणि एक नाइट असं आपोआपच होतं, आणि ते दोघं एकसारखे खेळत नाहीत. बर्सर्कर स्वतः जास्तीत जास्त मार देणारा, तर नाइट मित्राच्या शेजारी आलेल्या मॉन्स्टरवर झेप घेऊन जाणारी. त्यामुळे "दोन वॉरियर" हे ऐकायला डुप्लिकेट वाटतं पण कामं दोन आहेत.

आता कुठला क्लास कुणाला द्यायचा? ग्रिस्बनचा स्पीड ३ आहे, हेल्थ १४. हळू माणसाला पळवायचं तर फटीग जातो कारण एक फटीग म्हणजे एक घर, आणि त्याचा स्टॅमिना, म्हणजे फटीग घ्यायची मर्यादा, ४ आहे. बर्सर्करलाही स्किल वापरायला फटीग लागतो. म्हणजे तुमचा ग्रिस्बन प्रत्येक टर्नला ठरवणार की पोचायचं का जोरात मारायचं. सिंड्रेलचा स्पीड ४, आणि ज्या टर्नला ती हलली नाही त्याच्या शेवटी तिला दोन फटीग परत मिळतात. मला विचाराल तर या दोघांची अदलाबदल करून बघा: सिंड्रेल बर्सर्कर, एका जागी उभी राहून फटीग उडवत मारत सुटेल आणि टर्नच्या शेवटी परत मिळवेल, आणि ग्रिस्बन नाइट, ज्याला नाइटच्या शपथेच्या स्किलने मित्राच्या मदतीला झेप घेता येते, म्हणजे त्याचा कमी स्पीड तेवढा टोचत नाही. सक्ती नाही, पण एकदा हातात घेऊन बघा.

असंच टॉम्बलचं. तो स्काउट, बुटका, हेल्थ ८, सगळ्यांना वाटतं की हा मागे राहणार. पण त्याच्यावर अटॅक झाला आणि शेजारी दुसरा हिरो असेल तर टॉम्बल त्याचे डिफेन्स फासे स्वतःच्या फाशांत मिळवतो. चिलखत घातलेल्या वॉरियरला खेटून उभा असलेला टॉम्बल त्या वॉरियरपेक्षाही चिवट होतो. त्याला थीफ केलात तर तीन घरांवरून सर्च टोकन उचलता येतं, म्हणजे खजिना गोळा करायला त्याला फळी सोडून जायला नको. वॉरियर जितका भारी चिलखत घेईल तितका टॉम्बलही भारी, दोन माणसांना एकाच खर्चात. ही असली जोडी सापडली की मला हीलर आठवतसुद्धा नाही.

तर तुमच्या टीमचा हिशेब. दांडग्याला पाडायचं काम दोघं करतील. लांबून मारायला जेन आहे, आणि तिला डॅमेजचं फटीगमध्ये रूपांतर करता येतं त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा चिवट आहे, धावायचं कामही तिचंच. काय नाहीये? घोळका साफ करणारा नाही आणि नॉलेज कच्चं आहे. अजून एक, दोघं हातघाईवाले असले की शॅडो ड्रॅगनसारखा मॉन्स्टर त्रास देतो, कारण त्याच्या शेजारी उभं राहून मारायचं तर एक सर्ज खर्चावाच लागतो, नाहीतर अटॅक वाया. तिथे लांबून मारणारे दोन असले तर फार फरक पडतो. सगळं मिळून भोक पडलंय ते मेजच्या आकाराचं आहे, हीलरच्या नाही. चौथ्याला लिओरिक रूनमास्टर द्या, पहिल्याच एक्सपीरियन्स पॉइंटला एक्स्प्लोडिंग रून घ्यायला सांगा म्हणजे त्याच्या रूनच्या अटॅकला ब्लास्ट मिळतो, म्हणजे शेजारच्यांनाही मार बसतो, आणि घोळक्याचा प्रश्न मिटला. त्याला लिओरिक आवडला नाही तर विडो टार्हा ही दुसरी मेज, तिला राउंडला एकदा अटॅकमधला एक फासा परत टाकता येतो, हेल्थही थोडं जास्त. आणि जर त्याला स्वतःलाच कधी सपोर्ट खेळावासा वाटला तर एव्ह्रिक, वर सांगितलंय तसं. पण ते त्याला वाटलं पाहिजे.

कारण इथे माणसांचा भाग येतो आणि मी तो आकड्यांच्या वर ठेवतो. कॅम्पेन म्हणजे महिनोन्‌महिने एकच हिरो. न आवडणारा हिरो घेतलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर फोनमध्ये डोकं घालून बसतो आणि त्याचा टर्न आला की विचारतो "मी काय करू?", मग टेबलवरचा सगळ्यात बोलका माणूस त्याच्या वतीने खेळायला लागतो, आणि चार हिरोंची टीम प्रत्यक्षात एकाच माणसाची होते. एवढं नुकसान कुठल्याही हीलरने भरून निघत नाही. चित्र आवडलं म्हणून हिरो घेतला असेल तर घेऊ द्या, क्लास आणि सामानाने बाकीचं सावरता येतं. टीमला खरंच जड जात असेल तर गेम एक पायरी सोपा करा. मनाविरुद्ध हिरो गळ्यात मारण्यापेक्षा ते हजारपट बरं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

निवडीची पद्धत म्हणाल तर मला हे आवडतं: ज्याला गेम सगळ्यात कमी माहितीय त्याने पहिला हिरो निवडायचा आणि ज्याला सगळ्यात जास्त माहितीय त्याने शेवटचा. नवखा माणूस मन मानेल ते घेतो आणि अनुभवी माणसाला उरलेली भोकं भरायचं कोडं मिळतं, ज्यात त्यालाच मजा येते. तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय, तिघांनी घेतलं आणि उरलेलं चौथ्याला, तो अनुभवी आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर कुणीतरी अनुभवी माणसाने स्वतःचा हिरो बदलावा. पूर्ण रँडम वाटप मला पटत नाही, पण प्रत्येकाला दोन-तीन कार्डं वाटून त्यातून एक निवडणं हे चालतं, विशेषतः ग्रुप दुसऱ्यांदा तोच बॉक्स खेळत असेल तर, नाहीतर सगळे परत परत त्याच हिरोंवर येतात.

हिरो किती आहेत त्यावरही बरंच ठरतं. चार असतील तर टोकाचे तज्ज्ञ परवडतात कारण प्रत्येक कामाला कुणीतरी असतं. दोन असतील तर एक पडला म्हणजे अर्धी टीम पडली, आणि उभं करायला दुसऱ्याची अॅक्शन जाते, त्यामुळे तिथे दोन्ही हिरो सगळं थोडं थोडं करणारे हवेत आणि शुद्ध सपोर्ट शक्यतो नकोच. तीनला मधला मार्ग.

जुन्या हीरोक्वेस्टमध्ये, १९८९ चा गेम, तिथे हा प्रश्नच नव्हता. चारच हिरो आणि उघड उघड असमान. बार्बेरियनला अटॅकचे ३ फासे आणि बॉडी ८, विझर्डला अटॅकचा १ आणि बॉडी ४. पण विझर्डकडे मंत्रांचे चारपैकी तीन संच, एल्फकडे एक. ताकदीत कुणीच कुणाच्या बरोबरीचं नाही तरी टीम जमते, कारण प्रत्येकाला असं एक काम आहे जे दुसरा करू शकत नाही.

आता ग्लूमहेवन. २०१७ ला आलेला, १७ क्लास, त्यातले सुरुवातीला उघडे सहा: ब्रूट, टिंकरर, स्पेलवीव्हर, स्काउंड्रल, क्रॅगहार्ट, माइंडथीफ. बंद डब्यांमधल्यांबद्दल मी इथे काही बोलणार नाही, उघडायची मजा तुमची तुम्ही घ्या. इथे हिरोचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हेल्थ नाही, हातातल्या पत्त्यांची संख्या आहे. टिंकरर १२, क्रॅगहार्ट ११, ब्रूट आणि माइंडथीफ १०, स्काउंड्रल ९, स्पेलवीव्हर ८. दर राउंडला दोन पत्ते खेळायचे, संपले की रेस्ट घेऊन एक कायमचा घालवायचा. म्हणजे एकही लॉस पत्ता (खेळला की कायमचा जाणारा) न वापरता १२ पत्तेवाल्याला ३६ राउंड खेळायला मिळतात, १० वाल्याला २५, ९ वाल्याला २० आणि ८ वाल्याला फक्त १६. स्पेलवीव्हरकडे गेलेले पत्ते परत आणणारा एक पत्ता आहे म्हणून तिचं निभतं.

आणि लॉस पत्ता कधी वापरला याने फार फरक पडतो. १० पत्तेवाल्याने पहिल्याच राउंडला एक लॉस खेळला तर पहिल्या फेरीचे पाच राउंड तेवढेच राहतात पण रेस्टनंतर हातात नऊऐवजी आठच उरतात, म्हणजे एकूण २५ चे २१ झाले. चार राउंड गेले एका पत्त्यापायी. तोच पत्ता शेवटाकडे खेळला तर एखाद-दुसराच राउंड जातो, कधी तोही नाही. डॅमेज टाळायलाही पत्ताच घालवावा लागतो, त्यामुळे इथे मार खाणं म्हणजे वेळ खाणं.

म्हणून ग्लूमहेवनमध्ये टीम बघताना मी विचारतो की या सगळ्यांचा वेग जुळतो का. स्पेलवीव्हर आणि स्काउंड्रल चार राउंडनंतर रेस्टला येतात, ब्रूट पाचनंतर, टिंकरर सहानंतर. सगळे एकाच राउंडला लाँग रेस्टला, म्हणजे राउंडभर विश्रांतीला, बसले तर समोर उभं कोण राहणार? थोडे वेगवेगळे आकडे असलेली टीम म्हणून बरी. पण फार टोकाचं अंतर असेल, म्हणजे तीन जण झटपट जळणारे आणि एक टिंकरर, तर शेवटी टिंकरर एकटाच उरतो हातात पत्ते घेऊन आणि खोलीत चार मॉन्स्टर.

जोड्यांचं म्हणाल तर स्काउंड्रलचे चांगले हल्ले शत्रूशेजारी आपला दुसरा माणूस असला की खुलतात, त्यामुळे तिला ब्रूटसारखा पुढे जाणारा लागतोच. क्रॅगहार्टचे काही पत्ते शेजारच्या मित्रांनाही लागतात, त्याच्याबरोबर दोन-तीन हातघाईवाले असले की टेबलवर भांडणं ठरलेली. स्पेलवीव्हर बर्फाचं एलिमेंट (पत्त्यांना जोर देणारी जादूची शक्ती) तयार करते आणि माइंडथीफला ते हवं असतं, पण कुणाची इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) आधी येते ते जुळवावं लागतं, कारण तयार केलेलं एलिमेंट टर्न संपल्यावरच इतरांना मिळतं. टिंकरर चार जणांत छान, दोघांत मला तो जरा सुस्त वाटतो. हे शेवटचं मत माझं आहे, त्यावर वाद घालणारे भरपूर भेटतील.

एक चांगली गोष्ट अशी की ग्लूमहेवनमध्ये प्रत्येक हिरोचं एक वैयक्तिक ध्येय असतं, ते पूर्ण झालं की तो रिटायर होतो आणि तुम्ही नवा क्लास घेता. टीम आपोआप बदलत राहते, त्यामुळे सुरुवातीलाच संपूर्ण कॅम्पेनसाठी परफेक्ट टीम शोधण्यात काही अर्थ नाही. शिवाय सिनारियोची, म्हणजे एका डावाची, लेव्हल टीमच्या सरासरी लेव्हलच्या निम्मी, वर पूर्ण करून, अशी ठरते आणि मॉन्स्टरची संख्याही किती जण खेळतायत त्यावर, म्हणजे गेम तुमच्याकडे बघून जुळवून घेतोच. जड वाटलं तर एक लेव्हल खाली या. आधी छोटा अनुभव हवा असेल तर २०२० चा जॉज ऑफ द लायन घ्या, त्यात चारच हिरो आहेत आणि तुम्ही चौघं आहात, म्हणजे निवडीचं भांडणच नाही, फक्त कोण काय घेणार तेवढं.

परत डिसेंटकडे. पहिल्या दोन क्वेस्टपर्यंत हिरो किंवा क्लास फुकट बदलायची मुभा आहे असं आधीच ठरवून टाका. पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, जमा झालेले एक्सपीरियन्स पॉइंट तेवढेच ठेवून बदलू द्या. नंतर अडलात तर हरल्यावर लगेच "हीलर नव्हता म्हणून" असं म्हणू नका, नेमकं कसं हरलो ते बघा. सगळे उभे होते पण वेळ पुरला नाही, तर पळणारा किंवा घोळका साफ करणारा कमी पडतोय. एकच जण सारखा पडत होता, तर तो कुठे उभा राहतोय ते बघा, बहुतेक वेळा प्रश्न हिरोचा नसून त्याच्या जागेचा असतो. सगळेच थोडे थोडे झिजून पडले, तर मार कमी करणारं काहीतरी हवं, आणि तेव्हा आधी दुकानाच्या टप्प्यावर चिलखत घ्या, वॉरियरच्या आधी मेजला, कारण लिओरिकला ग्रेच्या एका फाशावर किती दिवस जगवणार. एवढं करूनही झिजत असाल तर मग एव्ह्रिक काढा, आणि तो चौथ्यालाच दिला पाहिजे असं काही नाही, जेनवाल्याला विचारून बघा.